चिखलदरा : वऱ्हाडच्या माथ्यावरचे गाव

वऱ्हाडचा नकाशा उलगडून पाहिला म्हणजे दक्षिणेकडे अजिंठ्याच्या रांगेने उचलून धरलेला बालाघाट, उत्तरेकडे सातपुड्याच्या गाविलगड शाखेने व्यापलेला मेळघाट आणि या दोहोंच्या मध्ये पूर्णा नदीच्या गाळाने भरून निघालेले पयानघाटाचे काळे, सपाट खोरे, अशी या प्रांताची त्रिविध ठेवण तत्काळ ध्यानात येते. जुन्या दफ्तरांतून ही तिन्ही नावे वारंवार आढळतात. पयानघाटाने वऱ्हाडला कापूस दिला, संपत्ती दिली, ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ हा लौकिक मिळवून दिला, आणि इतिहास लिहिणारांचे लक्षही बहुतांशी त्यानेच वेधून घेतले. मेळघाटाच्या वाट्याला मात्र उन्हाळ्यातील थंड हवा, वाघाचे रान आणि गेल्या तीसएक वर्षांत बालमृत्यूंच्या बातम्या एवढीच प्रसिद्धी आली. या मेळघाटाच्या दक्षिण कडेवर, जेथे डोंगर एकाएकी तुटतो आणि खाली अचलपूर-अंजनगावचा मुलूख दृष्टीच्या टप्प्यापर्यंत पसरलेला दिसू लागतो, तेथे समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर चिखलदरा वसले आहे.

परतवाड्याहून हे अंतर सुमारे तीस किलोमीटरांचे. एक वाट धामणगाव गढीवरून मोथ्याकडे चढते, दुसरी घटांग व सलोना या गावांवरून वळणे घेत येते; आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना या दोहोंपैकी कोणत्याही वाटेने वर येणाऱ्या मनुष्यास घाटाच्या मध्यावरच हवेतील पालट अंगाला जाणवू लागतो. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा या चारही जिल्ह्यांतील कुटुंबांना म्हणूनच चिखलदरा हे आपले हक्काचे गाव वाटते. या आपुलकीत खोटे काहीच नाही. परंतु खालच्या माणसाने वर येऊन पाहिलेला चिखलदरा आणि वरच्या माणसाने जन्मभर भोगलेला चिखलदरा यांत फार मोठे अंतर आहे, आणि या गावाचा इतिहास सांगू जाता ते अंतर मोजणे भाग पडते.

या भूमीचे नाते लोकपरंपरेने महाभारताशी जोडले आहे. विराट राजाचा मेहुणा कीचक याने सैरंध्रीच्या वेषातील द्रौपदीची अभिलाषा धरली, भीमाने त्याचा वध करून त्याचे शव येथील दरीत लोटले, आणि नंतर जेथे हात धुतले ते भीमकुंड, अशी कथा चिखलदऱ्यातील लहान पोरही सांगते. जवळचे वैराट हे मेळघाटातील सर्वांत उंच शिखर, सुमारे १,१७८ मीटरांचे, विराटाच्या नावाने ओळखले जाते. पंडितांनी विराटाचे मत्स्य राज्य राजस्थानात दाखवले आहे आणि त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचे कारण नाही. तथापि पुराणकथा जेथे रुजते तेथील डोंगराचा स्वभाव पाहूनच रुजते, हेही तितकेच खरे. भीमकुंडाच्या कड्यावर उभे राहून खालच्या काळ्या पाषाणाच्या तुटक भिंतीकडे पाहिले असता, असे द्वंद्व घडले असेल तर ते अशाच जागी, हे मनास पटते. वऱ्हाडातील सुशिक्षितांना तर कीचकाचे नाव ऐकून आणखी एक स्मरण होई; खाडिलकरांचे ‘कीचकवध’ नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले आणि त्यातील राजकीय आशय ध्यानी आल्यावर १९१० साली इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली.

लिखित इतिहास सुरू होतो तो गाविलगडापासून. गावापासून थोड्याच अंतरावर, अरुंद खिंडीने मुख्य पठाराशी जोडलेल्या एका स्वतंत्र डोंगरावर हा किल्ला आहे. या रानात पिढ्यान्‌पिढ्या म्हशी चारणाऱ्या गवळ्यांनी मातीचा पहिला कोट घातला, अशी परंपरा आहे. दगडी किल्ला मात्र बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ च्या सुमारास एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, मुक्काम ठोकून बांधविला आणि त्याच वेळी अकोटच्या उत्तरेकडील नरनाळा दुरुस्त करविला. या जोडकिल्ल्यांचे मर्म समजून घेतले पाहिजे. उत्तरेकडून, माळवा व खानदेश या बाजूंनी, दख्खनेत उतरणाऱ्या फौजेला सातपुड्याच्या ज्या घाटवाटा धराव्या लागत, त्यांवर नजर ठेवणारी ही दोन ठाणी होती. खालच्या सुपीक परगण्यांचा वसूल सुरक्षित राहावा यासाठी वरच्या डोंगरावर पहारा बसला.

बहमनी राज्य ढासळू लागले तेव्हा वऱ्हाडचा सुभेदार होता फत्तेउल्ला इमादउल्मुल्क. इतिहासकार फिरिश्त्याच्या सांगण्याप्रमाणे हा मूळचा विजयनगरकडील कानडी हिंदू कुळातला. बालपणी युद्धात पकडला जाऊन मुसलमान झाला आणि कर्तबगारीने चढत गेला. १४८८ साली त्याने गाविलगडाची दुरुस्ती केली आणि १४९० साली स्वतंत्र होऊन इमादशाहीची स्थापना केली. गडाचा शार्दूल दरवाजा पाहताना ही हकिकत मनात असली पाहिजे. दरवाजाच्या कमानीच्या दोन्ही अंगांना दगडात कोरलेली शिल्पे आहेत. त्यांत दोन मुखांचा एक बलाढ्य पक्षी आपल्या चोचींत व पंजांत हत्ती धरून उभा आहे. हत्ती इतके लहान दाखवले आहेत, की पक्ष्याच्या सामर्थ्याची कल्पना देण्यासाठी शिल्पकाराला दुसरे काही करण्याची गरज उरलेली नाही. हा गंडभेरुंड म्हणजे कर्नाटकातील राजसत्तेचे जुने चिन्ह. सातपुड्याच्या एका कड्यावर, सुलतानी अंमलातील किल्ल्याच्या वेशीवर तो कसा येऊन बसला, याचे उत्तर फत्तेउल्लाच्या जन्मकथेत शोधण्याचा मोह अभ्यासकांना झाला आहे, आणि प्रस्तुत लेखकालाही ते उत्तर ग्राह्य वाटते. महाराष्ट्रातील किल्ल्यांवर इतके लिहिले गेले, परंतु या एका दरवाजाची जितकी वाखाणणी व्हायला हवी होती तितकी अजून झालेली नाही.

पुढील घडामोडी भराभर सांगता येतील. १५७४ साली अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने इमादशाही बुडवून वऱ्हाड आपल्या राज्याला जोडले. गडावरील बहराम बुरुज त्या निजामशाही काळातला, १५७७ चा आहे. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे आले व त्यानंतर लवकरच गाविलगडही त्यांच्या हाती पडला. ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील सरकारांमध्ये गाविल सरकारची नोंद आहे. अबुल फझलने या किल्ल्याची मजबुती वाखाणली आणि येथील एका झऱ्याच्या पाण्याने शस्त्रांना पाणी देतात, असे आवर्जून लिहून ठेवले. गडावर देवी तलावासारखे विस्तीर्ण तलाव आहेत, मशीद आहे, तोफा पडलेल्या आहेत. परंतु या सर्वांचा आधार पाणीच होते. ज्वालामुखीच्या खडकाने बनलेल्या या डोंगरावर पावसाळ्यात धो धो कोसळणारे पाणी अडवले नाही तर चार महिन्यांत ओसरून जाते, हे गड बांधणारांनी पुरते ओळखले होते, आणि म्हणून तटाच्या जोडीला त्यांनी तळी खोदली. या तळ्यांकडे आपण पुन्हा वळणारच आहोत.

मोगलांमागून निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दुअंमली कारभारात गड भोसल्यांकडे राहिला. १८०३ साली दुसऱ्या इंग्रज-मराठे युद्धात २९ नोव्हेंबर रोजी अडगावच्या लढाईत भोसले व शिंदे यांच्या फौजांचा मोड झाला. हे अडगाव अकोला जिल्ह्याच्या उत्तर भागातले. तेथून जनरल आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून युरोपात प्रसिद्धी पावला, तो गाविलगडावर चालून आला. दक्षिणेकडील कडा सरळ तुटलेला असल्यामुळे त्या बाजूने गड घेणे अशक्यप्राय होते. तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनला मोठ्या तोफांसह डोंगरातून वळसा घालून उत्तरेकडील खिंडीवर पाठवण्यात आले. जेथे पाऊलवाटही धड नव्हती अशा रानातून शिपायांनी दोर लावून तोफा ओढल्या, तटाला खिंडारे पाडली आणि १५ डिसेंबर रोजी गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामी आला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, पायथ्याच्या देवगाव येथे दुसऱ्या रघूजी भोसल्यांशी तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. गाविलगड व नरनाळा हे दोन किल्ले तेवढे काही वर्षे त्यांच्याकडे राहिले आणि १८२२ च्या सुमारास तेही निजामाकडे आले.

यानंतर एकाच वर्षाने, १८२३ मध्ये, हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने चिखलदऱ्याचा शोध लावला, असे प्रवासी पुस्तकांतून छापलेले असते. वास्तविक शेजारी गड चारशे वर्षे नांदत होता, पठारावर गवळ्यांची गुरे चरत होती आणि दऱ्यांतून कोरकूंची गावे होती. नवे एवढेच घडले, की गडाचा अंमल बदलल्यामुळे निजामाच्या नोकरीतील इंग्रज अंमलदारांना हा डोंगर मोकळा झाला आणि एलिचपूरच्या छावणीत ज्वराने खंगणाऱ्या गोऱ्या माणसांना हवापालटासाठी जवळची जागा सापडली. १८३९ पासून येथे आरोग्यस्थान म्हणून राबता वाढला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. १८५८ मध्ये तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरणार असे दिसू लागताच, गाविलगड त्यांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी त्याची तटबंदी निकामी करून टाकली. अशा रीतीने एकाच डोंगरावर गड उजाड झाला आणि गाव वाढीस लागले.

कौलारू बंगले, चर्च, कचेरी, सरकारी बाग आणि त्यांना जोडणारे सावलीचे रस्ते ही या गावाची मूळ आखणी. लोक अजूनही ‘अप्पर प्लेटो’, ‘लोअर प्लेटो’ असेच बोलतात. देवी पॉइंट, हरिकेन पॉइंट, प्रॉस्पेक्ट पॉइंट ही नावे देखील तशीच रूढ राहिली. पंचबोल पॉइंटवर दरीत दिलेली हाक पुन्हा पुन्हा उमटते म्हणून पोरेबाळे घसा बसेपर्यंत ओरडतात. उन्हाळ्यात कमिशनर व वरिष्ठ अधिकारी दफ्तरासह वर येत. १८६७ मध्ये एलिचपूर हा निराळा जिल्हा झाला, १९०५ मध्ये तो अमरावतीत विलीन झाला, आणि या साऱ्या फेरबदलात मेळघाटचा कारभार चिखलदऱ्यातून चालत राहिला. १९४८ साली येथे नगरपरिषद स्थापन झाली. लोकवस्ती अजूनही पाच हजारांच्या आसपासच आहे. महाराष्ट्रातील अगदी लहान नगरपरिषदांत तिची गणना होते, आणि तरीही सुटीच्या दिवशी कित्येक पटींनी अधिक माणसे या गावाच्या रस्त्यांवर, नळांवर आणि गटारांवर येऊन पडतात.

इंग्रज अंमलात आलेली आणि येथे टिकून राहिलेली एक वस्तू म्हणजे कॉफी. महाराष्ट्रात कॉफीचे पीक घेणारा प्रदेश म्हणून चिखलदऱ्याचेच नाव सांगतात. शेजारच्या मरियमपूर या कॅथॉलिक वस्तीत सावलीच्या झाडांखाली कॉफीची झुडुपे आजही उभी आहेत. गेल्या काही वर्षांत मोथ्याच्या शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरीही लावून पाहिली आणि ती साधली. मात्र या पठाराचे खरे, जुने उत्पन्न विचाराल तर ते खव्याचे. गवळ्यांच्या घरी पहाटे म्हशी पिळून झाल्या, की लोखंडी कढईत दूध चढते. खाली लाकडाचा जाळ, हातात लांब दांड्याचे उलथणे, आणि दूध बुडाला धरू नये म्हणून तासन्‌तास हालवीत बसलेले माणूस. घाटातील दूध तसेच खाली नेऊ म्हटले तर वाटेत नासण्याची भीती, म्हणून ते आटवून गोळा करायचे आणि परतवाडा-अमरावतीच्या बाजारात पोचवायचे, हा या धंद्याचा हिशेब. अमरावतीच्या मिठाईवाल्यांना मेळघाटच्या खव्याची पारख आहे.

आता या डोंगराच्या मूळ रहिवाशांकडे वळू. मेळघाटात कोरकू हा बहुसंख्य समाज. त्यांच्या बरोबर गवळी, गोंड, निहाल, बलई आदी लोक राहतात. कोरकू भाषा ही मराठी, हिंदी किंवा गोंडी यांपैकी कोणाचीच बहीण नाही. संताळी व मुंडारी या झारखंडाकडील भाषांचे जे मुंडा कुल, त्यातील ही सर्वांत पश्चिमेकडची भाषा, आणि या कुलाचे दूरचे संबंध आग्नेय आशियातील ख्मेर व व्हिएतनामी भाषांपर्यंत पोचतात. आपल्या आप्त भाषांपासून शेकडो कोस तुटून, बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर आणि मेळघाट एवढ्या डोंगरपट्ट्यात ती टिकून राहिली. निहालांच्या निहालीचे तर त्याहून विलक्षण: बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या परिसरात थोडक्या माणसांत उरलेल्या या भाषेचे नाते जगातील कोणत्याही भाषाकुलाशी ठरवता आलेले नाही. ज्या वऱ्हाडात महानुभावांनी आद्य मराठी गद्य लिहिले, त्याच वऱ्हाडाच्या माथ्यावर इतक्या प्राचीन बोली नांदत आहेत, याचा अभिमान आपल्या पाठ्यपुस्तकांनी कधी बाळगला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

कोरकूंचे गाव ओळखणे अवघड नसते. मध्ये एक रुंद, झाडून स्वच्छ केलेला रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर तोंडे केलेल्या घरांच्या सरळ ओळी. भिंती कुडाच्या, मातीने लिंपलेल्या, वर कौले. पावसावर ज्वारी, मका, तूर, कोदो, कुटकी पिकवायची. मोहफुले, चारोळी, तेंदूपत्ता, मध, डिंक रानातून आणायचा. मृताच्या स्मरणार्थ गावाबाहेर सागाच्या लाकडाचा कोरीव स्तंभ पुरतात, त्याला मुंडा म्हणतात. त्यावर चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार कोरलेले असतात. हा विधी खर्चाचा, म्हणून पुष्कळदा वर्षानुवर्षे लांबतो. सणांत सर्वांत मोठा सण होळीचा, तो पाच दिवस चालतो. दिवाळीनंतर शेतीची कामे आटोपली की माणसे वीटभट्ट्यांवर, रस्त्यांवर, कापूसवेचणीला खाली उतरतात. परंतु होळीला परत आल्यावाचून राहत नाहीत. त्या दिवसांत बायापुरुष रस्त्यावर फेर धरून वाटसरूकडे फगवा मागतात. दिवाळीमागून भरणारे घुंगरू बाजारही असेच. बासरी व ढोलकीच्या तालावर कमरेला घुंगरांचे पट्टे बांधून थाट्या, म्हणजे गुराखी, नाचतात आणि आठवडी बाजाराची जत्रा होते.

या लोकांच्या जीवनाला सर्वांत मोठा धक्का बसला तो जंगलाच्या बंदोबस्ताने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडीच्या रुळांखाली घालण्यासाठी सागाची मागणी वाढली तेव्हा इंग्रज सरकारने मेळघाटचे रान राखीव केले. रानाचा एक तुकडा तोडून, जाळून, त्या राखेत दोन-तीन पिके घेऊन पुढे सरकायचे, ही कोरकूंची दाह्याची शेती गुन्हा ठरली. लाकूडतोडीला व आगरक्षणाला मजूर हवेत म्हणून खात्याने त्यांना वनग्रामांत बसवले. ज्या जमिनीवर ते राबत तिची मालकी त्यांना मिळाली नाही. जो काल रानाचा धनी होता तो त्याच रानात परवानगीने राहणारा मजूर झाला, आणि पुढे शंभर वर्षांत मेळघाटावर जी संकटे कोसळली त्यांतील बहुतेकांचे मूळ या एका फेरबदलात सापडते.

१९७३-७४ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्पाची योजना निघाली तेव्हा पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला. १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. या संरक्षणाचे फळ मोठे आहे. वाघ राहिला, रानगवा राहिला. आणि १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे कोणाच्या दृष्टीस न पडल्याने नामशेष मानला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसल्यावर, त्याची चांगली वस्ती मेळघाटातच आहे असे आढळून आले. परंतु वाघासाठी गावे उठवावी लागली. बोरी, कोहा, कुंड यांपासून हा क्रम सुरू झाला आणि वैराट, चुर्णी ही चिखलदऱ्याच्या निकटची गवळ्यांची गावेही उठली. अकोटच्या बाजूला खाली वसवलेल्या काही गावांतील लोक, ठरलेल्या सोयी मिळाल्या नाहीत म्हणून, पुन्हा रानात परतले आणि २०१९ च्या आरंभी तेथे शासनाच्या माणसांशी त्यांचा संघर्षही झाला. वाघ वाचला पाहिजे, यात दुमत नाही. परंतु ज्याचे गाव उठते त्याला पुनर्वसनाच्या जागी पाणी, जमीन आणि शाळा पहिल्या दिवसापासून मिळणे हा उपकार नव्हे, तो कराराचा भाग आहे, आणि तो पाळला जात नसेल तर वाघाच्या नावावरही डाग लागतो.

१९९३ च्या पावसाळ्यात मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या सर्व महाराष्ट्रभर गाजल्या. मंत्र्यांचे दौरे झाले, न्यायालयात याचिका गेल्या, योजनांमागून योजना आल्या. त्याआधीच डॉ. रवींद्र कोल्हे बैरागडला येऊन राहिले होते. त्यांनी व डॉ. स्मिता कोल्हे यांनी तेथे दवाखान्याबरोबर शेतीचेही काम केले आणि २०१९ मध्ये उभयतांना पद्मश्री मिळाली. मूल आजारी पडले की भूमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे, नेऊन त्याच्या पोटावर तापल्या सळीचे डाग देण्याची रूढी आहे, तिचा निषेध सर्वांनीच केला. परंतु पावसाळ्यात नाले भरून वाट तुटलेल्या गावी भूमकाच तेवढा हाकेच्या अंतरावर असतो, हे ज्यांना उमगले त्यांनी त्याच भूमकांना बरोबर घेऊन मुले दवाखान्यात पोचवण्याची व्यवस्था केली. मृत्यूंची चर्चा नेहमी पावसाळ्यात होते याचे कारणही सरळ आहे. घरातील धान्य त्या सुमारास संपलेले असते, नवे पीक शेतात उभे असते, आई दिवसभर निंदणीला जाते आणि साथीचे रोग त्याच वेळी येतात.

आणि पाणी. चिखलदऱ्याच्या पठारावर पडणारा पाऊस अमरावतीच्या पावसाहून कितीतरी अधिक. जुलै-ऑगस्टात झडी लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. हे पाणी उत्तरेकडे सिपना, खापरा, खंडू, गडगा यांच्या मार्गे तापीला मिळते आणि दक्षिणेकडे चंद्रभागा, सापन, शहानूर, वान या नद्यांनी पूर्णेला. पूर्णेच्या दोन्ही तीरांना, अमरावती व अकोला या जिल्ह्यांत, खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींचे पाणी इतके खारट, की ते पिणे अशक्य आणि शेतीला घालणे घातक. दर्यापूर-अंजनगावच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या हे पाणी पिऊन मूत्रपिंडाची दुखणी सोसली. आज शहानूर धरणाचे पाणी नळाने त्या गावांना पोचते, आणि अकोला जिल्ह्यातील अकोट-तेल्हाऱ्याकडील गावे वान धरणाच्या पाण्यावर जगतात. ही सारी धरणे मेळघाटाच्या पायथ्याशी आहेत. म्हणजे वऱ्हाडच्या सपाटीतील लक्षावधी माणसांच्या घशाला जे गोडे पाणी मिळते ते या डोंगरावरून उतरलेले आहे.

त्याच डोंगरावरील खडीमल गावी उन्हाळ्यात टँकर येतो. तो आला की पाणी सरळ विहिरीत सोडले जाते आणि विहिरीच्या चहूकडून दोर सुटतात. बाया काठावर वाकून, एकीच्या खांद्यावरून दुसरीचा हात, अशा उभ्या राहतात. गढूळ का होईना, बादली भरून वर आली पाहिजे. टँकर रिकामा होण्यापूर्वीच विहिरीचा तळ पुन्हा दिसू लागतो. मोथ्यासारख्या, चिखलदऱ्याच्या अगदी उंबरठ्यावरील गावालाही हे चुकत नाही. गावाला पाणी पाजणारे शक्कर तलाव व काळापाणी तलाव हे जुन्या आखणीतले. पर्यटकांची संख्या ज्या गतीने वाढली त्या गतीने साठे वाढले नाहीत. सिडकोकडे चिखलदऱ्याच्या नियोजनाचे काम सोपवले गेले आहे आणि दरीवरून काचेचा पादचारी पूल उभारण्याचे कामही हाती घेतलेले आहे. पूल व्हावा, प्रवासी यावेत, त्यांच्यामुळे कोरकू व गवळी तरुणांना घरच्या घरी रोजगार मिळावा, ही इच्छा सर्वांचीच आहे. परंतु गाविलगडाचे बांधकाम करणारांनी तटाबरोबर तळी खोदली होती, ही गोष्ट नियोजनकारांनी आपल्या आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी आणि मोथा, शहापूर, आलाडोह, मरियमपूर या भोवतालच्या वस्त्यांचे पाणी गावच्या पाण्याबरोबरच मोजावे, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे.

डोंगरातील माणसाच्या हाती कारभार दिला तर काय होऊ शकते, याचे प्रत्यंतर मेळघाटाच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यातील पायविहीर येथे मिळते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. सुमारे दोनशे हेक्टरांचे ते रान त्या वेळी अतिक्रमणांनी व तोडीने उजाड होत आलेले होते. ग्रामसभेने चराई व तोड यांचे नियम केले, चर खणले, रोपे लावली, आळीपाळीने राखण सुरू केली. थोड्याच काळात रान सावरू लागले आणि २०१४ मध्ये जैवविविधतेसाठीचा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा पुरस्कार या लहानशा गावाला मिळाला. पूर्वी येथील माणसे मजुरीसाठी बाहेर जात. आता हंगामात त्या रानातील सीताफळे ग्रामसभेच्या नावाने मुंबईच्या ग्राहकापर्यंत जातात, आणि शेजारच्या उपातखेडा, नयाखेडा, खतिजापूर या गावांनीही आपापल्या रानाचे हक्क मिळवून तोच मार्ग धरला आहे.